सहीच्या जागी फुली



परवाच्या टपालात मोहाडी तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. सुरुवात नेहमीसारखी, म्हणजे लिंबाच्या लोणच्यावर पांढरी बुरशी का धरते इथून. पण शेवटी ‘ताजा कलम’ म्हणून चार ओळी होत्या, आणि खरं पत्र मला वाटतं तेच होतं. दुपारची निजानीज झाली की त्या रहस्यकथा वाचतात. वय पासष्ट. सून म्हणते, आई, या वयात खून-मारामाऱ्या कसल्या वाचता, पोथी वाचा! तर त्यांना असं एखादं पुस्तक हवं आहे, ज्यात गुन्हा शोधून काढणारी बाई असेल, पण ती कुणा इन्स्पेक्टरची बायको किंवा नायकाची सेक्रेटरी नसेल. आपल्या बळावर उभी असेल. आणि गोष्ट जुन्या काळची असली तर फारच उत्तम.

लोणच्याचं आधी सांगून टाकते. बरणी धुतल्यावर उन्हात कोरडी ठणठणीत होऊ द्या, ओला चमचा घालू नका, आणि मिठाला हात आखडू नका. झालं.

आता पुस्तक. योगायोग असा, की नागपूरला शिकणारी माझी भाची दिवाळीत आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक जाड इंग्रजी कादंबरी होती. सुजाता मॅसी या लेखिकेची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’, म्हणजे मलबार हिलच्या विधवा. २०१८ साली निघाली. आपल्याकडे ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने मिळते. माझं इंग्रजी बेताचंच. शब्दकोश मांडीवर घेऊन बसले आणि चकल्यांचं पीठ तसंच राहिलं. तीन दिवस घरात कुणाला वेळेवर चहा मिळाला नाही.

गोष्ट १९२१ सालच्या मुंबईची. परवीन मिस्त्री नावाची पारशी मुलगी, इंग्लंडात कायदा शिकून आलेली, वडिलांच्या कचेरीत काम करते. कोर्टात उभं राहून बोलायची तिला मुभा नाही, कारण बायकांना वकिली करण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे झाला १९२३ साली. म्हणून ही कागदपत्रं बघते, मृत्युपत्रं लिहिते. एके दिवशी तिच्यापुढे एक प्रकरण येतं. एक श्रीमंत मुसलमान गिरणीमालक वारलेला आहे, मागे तीन विधवा. तिघी पडद्यात. आणि तिघींनीही आपापल्या वाट्याची सगळी संपत्ती दानधर्माला लिहून दिली आहे! परवीनला प्रश्न पडतो की या जन्मभर घराबाहेर न पडणाऱ्या बायका मग खाणार काय? आणि कागद पुन्हा बघते तर एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलेली. जिला सही येत नाही तिने हा कागद वाचला असेल कसा?

बस, एवढ्या फुलीवर गोष्ट सुरू होते. पुढे त्या घरात खून पडतो. कोणाचा आणि कोणी केला ते मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्या माणसाला पंगतीत वाढू नये असं माझं मत आहे. पण एक सांगते. पुरुष पोलीस त्या घराच्या बैठकीच्या खोलीपाशी अडकतात. जाळीच्या पलीकडे जाऊन त्या तिघींशी बोलू शकते ती फक्त परवीन. कोणाची कोणाशी बोलाचाली नाही, कोणाच्या खोलीत कोण जातं, मुलं कोणाच्या मांडीवर झोपतात, हे तिला आत गेल्यावर दिसतं, आणि उकल त्यातूनच होते. आपण बायका लग्नघरात पाच मिनिटं बसलो की काय काय ओळखून येतो! त्याला घरात आपण भोचकपणा म्हणतो. पुस्तकात त्यालाच तपास म्हणतात.

आता एक कबुली द्यायला हवी. पत्रलेखिकेला बिनलग्नाची नायिका हवी असेल तर परवीन काटेकोरपणे तशी नाही. तिचं लग्न झालेलं आहे, ते मोडलेलं आहे, पण त्या काळच्या पारशी कायद्यात तिला सुटका नाही. कायद्याने वेगळी राहते, एवढंच. कलकत्त्याच्या सासरी महिन्याच्या चार दिवसांत तिला कोंडून ठेवतात ती प्रकरणं वाचताना मी पुस्तक दोनदा मिटून ठेवलं. आमच्या लहानपणी ‘बाहेरचं बसणं’ होतं ते आठवलं. पारशी घरातही हे होतं हे मला ठाऊक नव्हतं.

पण या परवीनमागे जी खरी बाई उभी आहे, ती जन्मभर अविवाहित होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. आईने पुण्यात शाळा काढल्या. ही मुलगी डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेत इलाख्यात पहिल्या रांगेत आली. तेव्हा अशा विद्यार्थ्याला विलायतेला जायला सरकारी शिष्यवृत्ती असे. ती हिला मिळाली नाही, कारण ही बाई. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी जमवली; त्यांत दिवा घेऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. तिथे ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. आणि पदवी हातात पडली कधी? १९२२ साली! तीस वर्षांनी. कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. जेवायला बोलवावं, पाट मांडावा आणि ताट द्यायला विसरावं, तसं झालं.

परत आल्यावर तिने काय केलं ते आपल्या विषयाचं आहे. संस्थानांत, जमीनदारांच्या वाड्यांत पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान वारस असत. पैसा त्यांचा, पण हिशेब बघणार दिवाण, कारभारी, दीर. परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, मग वकील गाठणार कसा? कागद पडद्याखालून आत सरकवायचा, आतून अंगठा उमटून बाहेर यायचा. आत अंगठा कोणाचा, तो कोणाला दिसत नाही. कॉर्नेलियाबाईंनी वर्षानुवर्षं सरकारकडे लकडा लावला, की या बायकांसाठी एक बाई सल्लागार नेमा. शेवटी १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांना नेमलं. पुढची सुमारे वीस वर्षं त्या बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा मुलूख हिंडल्या. त्यांच्याच हिशेबाने सहाशेहून अधिक बायका-मुलांची कामं त्यांनी पाहिली. वारसाची भांडणं, हिशेबातली अफरातफर, कधी विष घातल्याचा संशय. डिटेक्टिव्ह म्हणून पाटी लावली नाही, पण कामात फरक फारसा नव्हता.

राजकारणात मात्र त्या मला रुचत नाहीत. इंग्रजांचं राज्य त्यांना हवं होतं, गांधीजींना त्यांचा विरोध होता, आणि १९२७ सालच्या त्या मेयोबाईंच्या ‘मदर इंडिया’ पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली, ज्याने सगळा देश खवळला होता. १९५४ मध्ये लंडनला त्या वारल्या, आणि आपल्याकडे त्यांचं नाव विसरलं गेलं त्याचं एक कारण हेच असावं. माणूस एका बाबतीत चुकला म्हणून त्याने केलेलं दुसरं काम पुसून टाकू नये, एवढं माझ्या अल्पमतीला वाटतं.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काही बंगालचीच गोष्ट नव्हे बरं का. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, आणि इथेही ते होतं. मालगुजार वारला, मागे लहान मुलगा आणि विधवा, की इस्टेट सरकारच्या देखरेखीखाली जाई. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव ‘मामा तलाव’ झाले. पण आतल्या घरातला अंगठा काही गेला नाही. तेच सांगायचं आहे.

त्याआधी पत्रलेखिकेसाठी दोन नावं घाईघाईने. बिनलग्नाची शोधक बाई इंग्रजीत जुनी आहे. ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेची अमीलिया बटरवर्थ १८९७ ची. अगाथा ख्रिस्तीच्या विणकाम करणाऱ्या मिस मार्पल १९२७ मध्ये एका गोष्टीत पहिल्यांदा आल्या. बंगालीत प्रभावती देवी सरस्वतींनी कृष्णा नावाची तरुण मुलगी डिटेक्टिव्ह केली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर गोष्टी. माझ्या पिढीतल्या मुलींनी त्या अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. पण धनंजय, झुंजार, काळापहाड असे सगळे पुरुषच. मराठी लेखिकांनी इथे हात का आखडला कोण जाणे, कारण खऱ्या आयुष्यात मुंबईच्या रजनी पंडित आहेतच. अविवाहित, आणि एका खुनाच्या तपासासाठी मोलकरीण बनून परक्या घरात भांडी घासत राहिलेल्या. कादंबरी लिहायला आणखी काय हवं?

आता आमच्या आत्याची गोष्ट. लाखनीजवळच्या आमच्या गावी माझी आत्या प्राथमिक शाळेत बाई होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे घरात कुणी बोलत नसे, आणि तिलाही विचारायची आमची टाप नव्हती. गावात तिला सगळीकडे जायला मोकळीक होती. विहिरीवर, बाळंतिणीच्या खोलीत, चावडीवरही. घरच्या पुरुषांच्या मते ती ‘रिकामी’ होती.

१९६८ ची गोष्ट, मी नऊ वर्षांची. आमच्या नात्यातल्या एक काकू त्या उन्हाळ्यात विधवा झाल्या होत्या. पदरी दोन मुली. तलावाखालच्या दोन एकर बांध्या, तेवढाच आधार. दिवाळी झाली, धान कापायला आलं, आणि नात्यातल्याच एका माणसाने कागद काढला. काकूंनी ती जमीन त्याला विकली, पैसे पोचले, खाली डाव्या हाताचा अंगठा. काकू रडत म्हणाल्या, मी अंगठा दिला नाही. पण घरातली मोठी माणसं म्हणाली, दुःखात तुला आठवत नसेल.

आत्याने तो कागद हातात घेतला नाही. फक्त तारीख वाचून घेतली आणि घरी आली. तिच्याकडे एक वही असे. दूध, किराणा, दिव्याचं तेल, कोणाला काय उसनं दिलं, रोजच्या रोज लिहिलेलं. ती वही उघडली. तारीख निघाली पोळ्याच्या तिसऱ्या दिवसाची. आणि पोळ्याच्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, जळल्याचं मलम आणि पट्टी, काकूसाठी. पोळ्याच्या करंज्या तळताना काकूंच्या डाव्या हातावर तेल उडालं होतं.

मग तिने मला हाक मारली. “तान्ह्या पोळ्याला तू लाकडी बैल घेऊन काकूकडे गेली होतीस ना? ओवाळलं कोणी?” मी म्हटलं, काकूंनी. “ताट कोणत्या हातात होतं?” मला नेमकं आठवत होतं, कारण काकूंनी बोजारा म्हणून दिलेली दहा पैशांची नाणी त्यांच्या पट्टीतून निसटून शेणात पडली होती आणि मी रडले होते. अंगठा आणि दोन बोटं, सगळी चिंधीत गुंडाळलेली. म्हणजे दुसऱ्याच दिवशी त्या अंगठ्याचा रेघन्‌रेघ दिसणारा ठसा उमटणार कसा?

आत्या त्या घरी गेली. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. तो माणूस म्हणाला, “तुले काय करा लागते? तुयं ना घर ना संसार.” आत्या म्हणाली, “म्हून तर येता आलं मले. हा अंगठा तिचाच असन, तर कागद नागपूरले पाठवू. तिथं अंगठे तपासतेत.” एवढंच. आवाज चढवला नाही.

अंगठ्याची विद्या तशी आपल्याच देशात वाढली, हे तिला ठाऊक असावं. १८५८ मध्ये बंगालमध्ये हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने कराराच्या कागदावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांनी ठसे लावून ठेवण्याची पद्धत बसवली. दोन माणसांचे अंगठे सारखे नसतात. त्या ओट्यावरच्या माणसालाही ते माहीत होतं. कागद त्याच रात्री चुलीत गेला. फिर्याद नाही, पोलीस नाही. काकूंच्या बांध्या काकूंकडे राहिल्या, आणि त्यावर दोन्ही मुली शिकल्या. आत्याला त्या घरच्या पुढच्या तीन लग्नांचं बोलावणं आलं नाही. ती म्हणे, बरंच झालं, आहेराचे पैसे वाचले. पण पत्रिका वाटत फिरणारा मुलगा आमच्या दारावरून पुढे गेला की ती आत जाऊन उगाच डबे पुसत बसे.

आज अंगठे कमी झाले, सह्या आल्या. पण वाचून सही करणाऱ्या किती? आपल्याकडे वडील वारले की तेराव्यानंतर कुणीतरी कागद पुढे करतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. ताई, इथे, इथे आणि इथे. भाऊ उभा असतो, वहिनी चहा आणते, आणि माहेर तुटू नये म्हणून आपण पेन उचलतो.

द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यात मी पडत नाही. पण काय देतो ते माहीत असावं. आपल्यातल्या हिंदू घरांपुरतं सांगायचं, तर १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. (२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.) इतर धर्मांत कायदे वेगळे आहेत, त्यांनी आपापलं विचारून घ्यावं. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावं लागतं. तिथे तुमचा फोटो आणि अंगठा घेतात, हा कागद तुम्हीच करून दिला का असं विचारतात. त्या वेळी घाई करू नका. गट नंबर किती, एकर किती, एकाच शेताचा हक्क सोडता की सगळ्या मिळकतीचा, ते शब्द बोटाने दाखवून वाचून घ्या. सातबारा आता मोबाइलवर बघता येतो. पोरांना सांगा काढून द्यायला. फेरफाराची नोटीस आली तर ती रॉकेलच्या जुन्या डब्यामागे खोचून ठेवू नका, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत ही अडचण असेल, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत सल्ला मिळतो. १९८७ च्या कायद्याने तसा हक्कच दिला आहे. भंडाऱ्यालाही ते आहे.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही स्वतः काय केलंत? १९९१ मध्ये माझे वडील गेले. मी पदवीधर, या अशा आत्याची भाची, आणि तरी चहाचा कप हातात धरून तीन ठिकाणी सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही. आत्या तेव्हा खाटेवर होती. तिने विचारलं, “काय लिहिलं होतं गं?” मला सांगता आलं नाही. भाऊ माझा चांगला आहे, दर वर्षी तांदूळ पाठवतो, आणि मला ती जमीन नकोच होती. पण आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली, ते मला अजून दिसतं. तिची वही आता माझ्याकडे आहे. पोळ्याचं ते पान तेलकट झालं आहे, तरी अक्षर वाचता येतं.

तर मोहाडीच्या भगिनी, पुस्तक हे आहे. पुढे त्याच परवीनच्या आणखी कादंबऱ्या निघाल्या आहेत. ‘द सातापूर मूनस्टोन’ ही २०१९ ची दुसरी, ती सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात घडते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सुनेला वाचून दाखवायला सांगा. पहिली दहा पानं ती नाक मुरडेल, फुली आली की थांबणार नाही.

धानाच्या ढोलीतल्या किडीबद्दल या आठवड्यात तीन पत्रं आली आहेत. कडुलिंबाचा पाला कधी आणि किती घालायचा, ते पुढच्या अंकात.